जाताना पन्नास, येताना सत्तर

ठाण्याहून शहापूर जेमतेम पन्नास किलोमीटर आहे. शहापूरहून ठाणे मात्र सत्तर भरतं, नकाशा काहीही म्हणो.

पहाटे साडेपाचला सायकलवर ठाण्यातल्या माजिवड्याहून निघालात की हवेत गारवा असतो, ट्रक तुरळक असतात, पाय ताजे असतात. नऊच्या सुमारास शहापूरजवळच्या आसनगावच्या टपरीवर पोहे खाताना अंगात वारं भरतं आणि कोणीतरी म्हणतंच, "आता आलोच आहोत तर कसारा गाठू या का?" सायकल वळवली की खरी राइड सुरू होते. चढ-उताराचं गणित मांडलं तर येताना किंचित उतारच आहे. पण ऊन चढलेलं असतं, कंटेनरांची रांग शेजारून जात असते, आणि दहा-अकरानंतर समुद्रावरून सुटणारा वारा बरोबर तोंडावर येतो, कारण शहापूरहून ठाण्याकडे येताना तोंड नैऋत्येला असतं.

आमच्या ओळखीतल्या बहुतेक नव्या मंडळींची पहिली लांब राइड अशीच फसली, माझीही. म्हणून इथे जे सांगते आहे ते सगळं परतीच्या बाजूने मोजून सांगते आहे.

सायकल

हा प्रश्न सगळे आधी विचारतात, तो पटकन उरकू. घरात जी आहे ती काढा. ब्रेक धड लागत असतील आणि चाक डुगडुगत नसेल तर पंचवीस-तीस किलोमीटरपर्यंत कोणतीही सायकल चालते, बिनगिअरचीसुद्धा. दोन महिने नियमित चालवलीत तरच नवी घ्या. आपल्याकडच्या रस्त्यांना ३२ ते ४० मिलिमीटर रुंद टायरची हायब्रिड (रेसिंग आणि डोंगरी सायकलच्या मधली) किंवा ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यावरही चालणारी) सायकल सोयीची. पुढे सस्पेन्शन असलेली जाडजूड एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, दुकानात रुबाबदार दिसते, पण डांबरी रस्त्यावर तिचं वजन तुम्हीच ओढायचं असतं. अगदी बारीक टायरची रेसिंग सायकल घोडबंदर रोडवर पावसाळ्यानंतर नेऊन बघा, म्हणजे मी काय म्हणते ते मणक्याला कळेल.

सायकलच्या किमतीपेक्षा सीटची उंची महत्त्वाची. भिंतीला टेकून सीटवर बसा, पॅडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात थोडासा बाक राहतो, तेवढाच हवा. नवखे लोक सीट खाली ठेवतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे असतात. चाळीस किलोमीटरनंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला जी कळ येते, ती बहुतेकदा इथली असते.

हेल्मेट, मागे लाल लुकलुकणारा दिवा, पुढे पांढरा दिवा. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे साडेपाचला निघणाऱ्याचा दीडेक तास अंधारातच जातो. पॅडवाली चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. हे दुकानदार संकोचाने सांगत नाहीत आणि मग शिवणीचे वळ उठतात. जिथे घासतं तिथे आधीच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा.

पंक्चर घरी काढायला शिका

यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण भिवंडी बायपासने माझा एक अख्खा रविवार खाल्ला होता.

परतीची वेळ, अकरा वाजलेले. मागचं चाक बसलं. मी टायर उतरवला, नवी ट्यूब टाकली, पंप मारून घामाघूम झाले आणि निघाले. दोन किलोमीटरवर पुन्हा फुस्स. दुसरी ट्यूब जवळ नव्हती. सायकल ढकलत एका पंक्चरवाल्यापर्यंत गेले. त्याच्याकडे ट्रकच्या टायरांची चळत, माझी सायकल बघून तो हसला. पण काम त्याने बघण्यासारखं केलं. ट्यूब बाजूला टाकली, टायर उलटा केला आणि कानात घातलेला कापूस काढून टायरच्या आतून गोल फिरवला. एका जागी कापसाचा धागा अडकला. तिथे त्याने नखाने दाबलं, बारीक पकडीने ओढलं आणि माझ्या तळहातावर केसाएवढी तार ठेवली.

"ताई, ही राहिली की दहा ट्यूब बदला, दहाही जाणार."

हायवेवर ट्रकचे रेडियल टायर फुटतात. त्यांच्या आत पोलादी तारांचं जाळं असतं, ते तुटून रस्त्याच्या कडेला विखुरतं. कडेने कोण जातं? आपण. तार टायरमध्ये हळूहळू शिरते, वरून दिसत नाही, बोटालाही पटकन लागत नाही. म्हणून ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापूस, रुमाल, जुना मोजा काहीही फिरवा. बोट फिरवायचं तर जपून, तार बोटात घुसते.

घरी, पंख्याखाली, चहा घेत तीनदा तरी मागचं चाक काढा आणि लावा. आधी चेन मागच्या सगळ्यात लहान दातेरी चकतीवर आणा, मग चाक सहज निघतं. टायर दोन लिव्हरनी (चपट्या पट्ट्यांनी) रिमवरून उचला, ट्यूब काढताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरुवात करा. नवी ट्यूब टाकण्याआधी तिच्यात थोडी हवा फुंका, म्हणजे ती गोल राहते आणि रिमखाली चिमटत नाही. शेवटचा भाग अंगठ्याने चढवा, लिव्हरने नाही. लिव्हरने चढवताना नवीच ट्यूब फाडल्याचा मान माझ्याकडे आहे.

सीटखालच्या पिशवीत दोन ट्यूब, दोन लिव्हर, पॅचचा डबा, एलन कीचा (षटकोनी पान्यांचा) संच आणि हातपंप. पेट्रोल पंपावर हवा मिळते, पण तिथलं तोंड गाडीच्या जाड व्हॉल्व्हचं असतं. तुमच्या सायकलला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर छोटंसं पितळी अ‍ॅडॉप्टर लागतं. ते चाळीस-पन्नास रुपयांत येतं आणि हमखास घरी राहतं. मी पाकिटातच ठेवते.

पहिला महिना: उपवन, येऊर, पाम बीच

ठाण्यात राहणाऱ्याला उपवन तलाव आणि येऊरची चढण शेजारीच आहे, ही मोठी सोय. पहिले पंधरा दिवस सपाटीवर पंधरा-वीस किलोमीटर, आठवड्यातून तीनदा. मग येऊर. चढण फार लांब नाही, पण नवख्याला गिअर शिकवायला पुरेशी आहे. चढ लागल्यावर गिअर बदलायचा नाही, चढ लागायच्या आधी बदलायचा. पायावर जोर असताना गिअर टाकला की चेन कडकड करते, कधी उतरते. पाय भराभर आणि हलके फिरले पाहिजेत, मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्या. जड गिअर रेटत चढणारे जोरदार दिसतात, पण त्याची किंमत गुडघे मागाहून वसूल करतात.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबटे आहेत. उजाडल्यावर जा, अंधाराआधी उतरा. डांबरी रस्ता सोडून जंगलात शिरणाऱ्या पायवाटा मोहात पाडतात, पण वन खात्याच्या परवानगीशिवाय तिकडे सायकल नेऊ नका. पाड्यांमधून जाताना वेग कमी करा, कोंबड्या आणि पोरं दोन्ही अचानक आडवी येतात.

नवी मुंबईकरांना पाम बीच रोड. वाशीपासून बेलापूरपर्यंत सुमारे दहा किलोमीटर, जवळपास सपाट, एका बाजूला खाडी. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरतात. त्यांच्याकडे बघायचं असेल तर आधी थांबा आणि मग बघा, कारण या रस्त्यावर मोटारी सुसाट जातात, पहाटे तर जास्तच. सात वाजेपर्यंत आटोपतं घ्या.

कुत्र्यांबद्दल एकदाच सांगते. पहाटेची कुत्री पळत्या चाकामागे लागतात. वेग वाढवून सुटू असं वाटतं, पण त्यात पडायला होतं. उतरा, सायकल त्यांच्या आणि तुमच्या मध्ये धरा, चालत पुढे जा. शंभर पावलांत त्यांचा रस संपतो.

पहिले पन्नास

ठाणे स्टेशनकडून कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली, मग ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भे आणि पुढे पाम बीचवरून बेलापूर. जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न होतात. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबतं, तेव्हा हा मार्ग नको.

पहिल्या पन्नासला हाच मार्ग मी सुचवते तो सुंदर आहे म्हणून नव्हे. ठाणे-बेलापूर रस्ता सुंदर आहे असं कोणी म्हणणार नाही. पण सगळ्या वाटेवर लोकल शेजारून जाते. पाय संपले, सायकल मोडली, पोट बिघडलं, तर गर्दी नसलेल्या वेळी सायकलचं लगेज तिकीट काढून लगेजच्या डब्यातून घरी येता येतं. परतीची दुसरी वाट असली की माणूस निर्धास्त चालवतो. फक्त रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा. सायकलवाल्यांचा आणि ब्लॉकचा वार एकच.

अवजड गाड्यांशी वागायची रीत इथेच शिकून घ्या. सिग्नलला कंटेनरच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. तो डावीकडे वळला तर त्याचं मागचं चाक आतून कापत येतं आणि तुम्ही त्याला दिसत नसता. त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. कडेला अगदी चिकटूनही चालवू नका. गटाराच्या जाळ्या, वाळू आणि उघडणारी मोटारींची दारं तिथेच असतात. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत. पावसात पांढरे पट्टे, गटाराची झाकणं आणि पुलाचे लोखंडी सांधे साबणासारखे होतात. त्यांवरून जाताना ब्रेक नको, वळण नको.

कच्चा रस्ता

डांबर सोडायची हौस असेल तर पनवेलहून नेरे, मालडुंगे करत धोदाणीकडे जा. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याचा हा पट्टा. वाटेत गाढेश्वरचं धरण, शेतं, आणि रस्ता कधी डांबरी, कधी उखडलेला, कधी नुसता मुरूम. ठाणे-कल्याणकडच्यांना बदलापूरहून बारवी धरणाचा रस्ता जवळ पडतो, तो डांबरी आहे पण आजूबाजूला जंगल आणि आत शिरणाऱ्या गाडीवाटा आहेत.

कच्च्यावर जायच्या आधी टायरमधली हवा थोडी कमी करा. किती, ते टायरच्या कडेवर छापलेल्या किमान-कमाल आकड्यांच्या आत बसवा. मऊ टायर जमीन धरतो, दगडावरून उसळत नाही. उतारावर सीटवरून किंचित उठा, दोन्ही पॅडल आडवी ठेवा, कोपरं सैल सोडा. सायकल खाली नाचू दे, तुम्ही नाचू नका. नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता चार-पाच मीटर पुढे ठेवा; ज्या दगडाकडे टक लावाल त्याच्यावरच जाल, हा अनुभव घेऊन बघण्यासारखा नाही. मुरमावर पुढचा ब्रेक एकदम दाबला की चाक घसरतं. दोन्ही ब्रेक आधीपासून, थोडे थोडे.

गावात रस्ता विचारताना "किती लांब आहे?" विचारू नका, उत्तर "हे काय, इथंच" असं येतं आणि ते इथंच सहा किलोमीटर निघतं. "सायकल जाईल का, की उचलावी लागेल?" असं विचारा. म्हातारी माणसं नेमकं सांगतात. उलट तुम्हाला एकच प्रश्न येईल: "याला मोटर हाय का?" नाही म्हटल्यावर जी दया त्यांच्या चेहऱ्यावर येते ती स्वीकारा आणि पाणी मागून घ्या.

पावसाळ्यात धरण-धबधब्यांवर जायला बंदीचे आदेश निघतात, ते पाळा. तसंही लाल चिखल ब्रेकमध्ये भरला की उतारावर सायकल थांबत नाही.

शंभर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. शहापूर आणि परत.

साडेपाचला माजिवडा. खारेगावचा खाडीपूल, भिवंडी बायपास, वडपे, पडघा, वासिंद, आसनगाव. या रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम बरीच वर्षं चाललं आहे, त्यामुळे कुठला भाग उकरलेला असेल ते आदल्या आठवड्यात गेलेल्या कोणाला तरी विचारा. पडघ्यापर्यंत शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग जास्त आहे. त्या पहाटेच्या गारव्यात कोणीही तासाला चोवीस-पंचवीसने जाऊ शकतो. बारा वाजता, वाऱ्याविरुद्ध, तोच माणूस बाराने येतो.

वळायचं ठिकाण ठरवू नका, वळायची वेळ ठरवा. नऊ वाजता जिथे असाल तिथून मागे फिरा. शहापूर आलं तर उत्तम, वासिंदलाच नऊ वाजले तर वासिंदहून. हा नियम कोणालाच आवडत नाही. पंक्चर झालं, चहाला वेळ गेला, एकाची चेन उतरली, की सगळे म्हणतात "आता दहाच किलोमीटर राहिलं". ते दहा नसतं, वीस असतं, आणि त्यातले वाढीव दहा भर उन्हात येतात. वासिंद आणि आसनगाव ही दोन्ही स्टेशनं हायवेपासून जवळ आहेत, एवढं लक्षात असू द्या. पडघ्याला स्टेशन नाही.

खाणं दर पाऊण तासाने, भूक असो वा नसो. घड्याळाला गजर लावा. अर्धं केळं, दोन खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, गुळाचा खडा. पहिल्या चाळीस किलोमीटरमध्ये खाल्लेलं शेवटच्या चाळीसमध्ये उपयोगी पडतं, हे ध्यानात घेऊन खा. मी एकदा पोहे जास्त झाले म्हणून परतीला काहीच खाल्लं नाही. वडप्याच्या अलीकडे अचानक दिवा विझावा तसं झालं. पाय दुखत नव्हते, फिरतच नव्हते. दुभाजकाच्या सावलीत बसले आणि दहा मिनिटं फक्त ग्लुकोजच्या बिस्किटांचा विचार केला. शेवटी एका ट्रकच्या क्लीनरने शेंगदाणे आणि गूळ दिला. वीस मिनिटांनी माणसात आले.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, आणि नुसतं पाणी नाही. एका बाटलीत साधं, दुसरीत लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस. वाटेत ताक, कोकम, उसाचा रस मिळतो. तेलकट वडापाव परतीला पोटात दगडासारखा बसतो, तो घरी आल्यावर. उन्हात घाम यायचा थांबला, अंगावर काटा आला किंवा डोकं ठणकायला लागलं तर राइड तिथेच संपली असं समजा. सावलीत बसा, मानेवर पाणी ओता, घरी फोन करा.

बायकांसाठी एक: पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह सगळ्यांसाठी खुलं असतं, पेट्रोल भरलं नाही तरी. किल्ली मागायला लाजू नका. वाटेतले बरे पंप कुठले, हे जुन्या सायकलवाल्या बायकांना तोंडपाठ असतं.

आणि काही रस्ते आपले नाहीत. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, अटल सेतू आणि आमण्यापर्यंत आलेला समृद्धी महामार्ग, या तिन्हींवर दुचाकीलाच बंदी आहे, सायकल तर दूरच. खोपोली-लोणावळ्याला जायचं तर पनवेल, शेडुंग, चौक असा जुना महामार्ग धरा. पण बोरघाट हे पुढच्या वर्षीचं काम.

दोनशेची हौस असेल तर

ब्रेव्हे नावाचा प्रकार कानावर येईल. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत, कोणाच्या मदतीशिवाय. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. एका हंगामात चारही केले की सुपर रॅन्डोनर म्हणवून घेता येतं. नियम पॅरिसच्या एका जुन्या क्लबचे, भारतात त्याचं काम ऑडॅक्स इंडिया बघतं. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. वाटेतल्या नेमलेल्या थांब्यांवर हजेरी नोंदवायची आणि वेळेत परत यायचं. साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे थांबे धरून तासाला पंधरा. शंभर शांतपणे करून संध्याकाळी घरचा जिना चढणं नकोसं वाटत नसेल, तर तीन महिन्यांनी दोनशे जमण्यासारखं आहे.

घरी आल्यावर

लगेच आडवं होऊ नका. आधी पाणी, मग आंघोळ, मग वरण-भात. सायकलची चेन कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर टाका आणि वरचं जास्तीचं तेल पुसून काढा, नाहीतर हायवेची सगळी धूळ तिथे चिकटते. टायर फिरवून बघा, काचा-खडे रुतले असतील तर पिनेने काढा.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघा. रात्रीत एखादा मऊ पडला असेल तर नुसती हवा भरून पुढच्या रविवारी निघू नका. कापूस घ्या आणि टायर आतून बघा. तार अजून तिथेच असेल.